नळीतली चौदा, डबीतली दहा

अमेरिकेत .22 कॅलिबरची पहिली सेमी-ऑटोमॅटिक रायफल घ्यायला निघालेल्या माणसाला कित्येक दशके दोनच नावे हमखास ऐकू येत: मार्लिनची मॉडेल 60 आणि रूगरची 10/22. पहिली 1960 सालची, दुसरी 1964 ची. दोन्ही कंपन्या मूळच्या कनेटिकट राज्यातल्या, दोन्ही रायफली लाखोंनी खपलेल्या. या दोघींची तुलना सुरू झाली की ती हटकून एका प्रश्नापाशी येते: जास्त अचूक कोणती? हौशी नेमबाजाने हा प्रश्न बाजूला ठेवावा, असे माझे म्हणणे आहे. खरा फरक आहे काडतुसे साठवण्याच्या जागेत. मार्लिनची काडतुसे बॅरलखालच्या एका बारीक नळीत, एकामागे एक अशी राहतात. रूगरची एका सुट्या, चौकोनी डबीत. बाकीचे बरेचसे फरक या एका निर्णयातून निघाले आहेत.

अचूकतेचा मुद्दा मात्र नुसता झटकून टाकता येणार नाही, कारण मार्लिनच्या बाजूने त्यात तथ्य आहे. दुकानातून आणलेली मॉडेल 60 दुकानातून आणलेल्या 10/22 पेक्षा गोळ्या जवळजवळ पाडते, असा तिचा जुना लौकिक आहे, आणि तो निराधार नाही. मार्लिनच्या बॅरलमध्ये 16 उथळ खाचा असतात; साध्या 10/22 मध्ये 6, आणि तिचे चेंबरही, म्हणजे झाडताना काडतूस बसते ती जागा, काडतूस अडकू नये म्हणून जरा सैलसर ठेवलेले. पण दोघींत चालते ते काडतूस एकच, .22 लाँग रायफल, 1887 पासून चालत आलेले. त्याचा पेटणारा मसाला बुडाच्या काठात भरलेला असतो आणि स्वस्त मालात तो सगळीकडे सारखा बसत नाही, म्हणून एकाच खोक्यातल्या गोळ्यांचे वेगही कमीजास्त होतात. त्यात वेगवान काडतुसाची गोळी निघते ध्वनीपेक्षा जलद आणि काही अंतरावर त्याहून मंद होते. त्या संक्रमणात ती डळमळते. खोक्यावरचे नाव बदलले की त्याच रायफलीचा गोळ्यांचा घोळका लहानमोठा होतो, आणि हा फरक बहुधा या दोन रायफलींतल्या फरकाहून मोठा असतो. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवले, तेही याच जातीच्या काडतुसावर. तिथे दहा गुणांचे वर्तुळ असते जेमतेम 10.4 मिलिमीटरचे. पण ती रायफल बोल्टची, एका वेळी एकच काडतूस घेणारी. मॉडेल 60 आणि 10/22 मध्ये बोल्ट कुलूपबंद नसतो; गोळी सुटल्यावरच्या धक्क्याने तो मागे जातो, पुंगळी बाहेर फेकतो आणि स्प्रिंगच्या जोराने पुढे येताना नवे काडतूस चेंबरमध्ये ढकलतो. त्यासाठी काडतुसात पुरेसा जोर लागतो. फार मवाळ काडतूस घातले तर बोल्ट अर्ध्यातच थांबू शकतो. म्हणजे या दोघींकडून स्पर्धेच्या रायफलीची बरोबरी मागायचीच नाही.

आता त्या डबीकडे वळू. .22 च्या बुडाला बाहेर आलेला काठ असतो. अशी काडतुसे साध्या, सरळ मॅगझिनमध्ये एकावर एक रचली की वरच्याचा काठ खालच्याच्या काठामागे अडकू शकतो. मार्लिनने ही अडचण टाळली ती काडतुसे टोकाला बूड लावून रांगेत ठेवून. सोपा, स्वस्त आणि चालणारा उपाय. रूगरने डबीत फिरते चाक बसवले. आकाशपाळण्यात जसा प्रत्येकाला आपापला पाळणा, तशी त्यात प्रत्येक काडतुसाला आपली खाच. काठ काठाला भिडतच नाही. शिवाय काडतूस वर आले की त्याला चेंबरकडे वळवणारे ओठही याच डबीला आहेत आणि ते पोलादी आहेत. मला हे सगळ्यात महत्त्वाचे वाटते. काडतूस अडकण्याचे दुखणे बहुतेक याच जागी सुरू होते. ओठ झिजले तर रूगरवाल्याने डबी बदलावी, दोन मिनिटांचे काम. मार्लिनमध्ये काडतूस वर आणणारी सगळी यंत्रणा रायफलीच्या पोटात आहे आणि ती उघडून पुन्हा जुळवणे भल्याभल्यांना जिकिरीचे जाते.

यावर मार्लिनचे चाहते म्हणतील, नळीत 14 काडतुसे मावतात, डबीत 10; आणि डबी हरवते, नळी हरवत नाही. दोन्ही खरे आहे. त्यात आणखी एक गोष्ट मीच घालतो. शेवटची गोळी सुटल्यावर 1980 च्या दशकानंतरच्या मॉडेल 60 चा बोल्ट मागे थांबतो, साध्या 10/22 चा थांबत नाही. रूगरवाल्याला रिकाम्या चेंबरवर ट्रिगर ओढल्यावरच कळते की डबी संपली. ही रूगरची उणीवच आहे आणि इतक्या वर्षांत ती का ठेवली, हे कोडे आहे. पण शूटिंग रेंजवर बसून पाहा. नळी भरायची तर आतली पितळी नळी पुढून ओढायची, म्हणजे हात रायफलीच्या तोंडाशी न्यायचे, आणि एकेक काडतूस सोडायचे. गोळीबार थांबवण्याचा हुकूम झाला की रूगरची डबी काढून मेजावर ठेवता येते, ती काढलेली दुरून दिसते. नळी रिकामी आहे की नाही ते दुरून दिसत नाही. अमेरिकेत ॲपलसीड नावाचा नेमबाजी शिकवणारा उपक्रम आहे. त्याच्या चाचणीच्या काही टप्प्यांत 25 मीटरांवर घड्याळ लावून 10 गोळ्या झाडायच्या असतात, मध्ये मॅगझिन बदलून. नळीवाल्याचा तिथे वेळ भरण्यातच जातो.

कायद्यांनीही बोट ठेवले ते काडतुसांच्या जागेवरच. न्यू जर्सीने 1990 मध्ये मॅगझिनला 15 ची मर्यादा घातली, तेव्हा 17-18 काडतुसे घेणाऱ्या जुन्या मॉडेल 60 चे मालक गोत्यात आले. काही सेमी-ऑटोमॅटिक बंदुकांवरच्या 1994 च्या अमेरिकी संघीय बंदीने मात्र .22 च्या जोडलेल्या नळीला मॅगझिनच्या मर्यादेतून वगळले. न्यूझीलंडने 2019 मध्ये क्राइस्टचर्चच्या हत्याकांडानंतर बहुतेक सेमी-ऑटोमॅटिक बंदुका काढून घेतल्या. सूट दिली ती 10 पर्यंत काडतुसे घेणाऱ्या .22 रिमफायरला. मूळ डबीसह रूगर त्यात बसते, 14 ची मार्लिन बसत नाही. सुट्या मॅगझिनवरचा आक्षेपही रास्त आहे: आज 10 ची डबी, उद्या कोणी 25 ची लावेल. रूगर स्वतःच 2011 पासून 25 चे मॅगझिन विकते, आणि कॅनडाच्या पोलिसांनी 2016 मध्ये ते निषिद्ध ठरवले. पण टार्गेटवर नेम साधणाऱ्याला 25 चा उपयोग काय? दहा गोळ्या झाल्या की थांबून भोके मोजावीत. निम्मे शिक्षण त्यात आहे.

उरला पैशाचा मुद्दा, आणि तो मार्लिनच्या बाजूचा. मॉडेल 60 नेहमीच स्वस्त होती. 10/22 घेतलेला माणूस तिथे थांबत नाही, हेही खरे. तिचे बॅरल दोन स्क्रूंनी धरलेले असते, ट्रिगरचा संच दोन पिना काढल्या की हातात येतो. त्यामुळे इतर कंपन्यांनी सुट्या भागांचा एवढा बाजार उभा केला की रूगरचा एकही भाग नसलेली 10/22 जुळवता येते. हौशी माणसाचा खिसा इथेच रिकामा होतो. पण तो खर्च ऐच्छिक आहे. मार्लिनचे बॅरल दाबून, पिन ठोकून बसवलेले असते. तिथे इच्छा असूनही फारसे काही करता येत नाही.

आणि 2020 नंतर तर हिशेबच बदलला. मार्लिन कंपनी रेमिंग्टनकडे होती. रेमिंग्टन दिवाळखोरीत निघाली आणि लिलावात मार्लिन घेतली ती रूगरनेच, सुमारे 3 कोटी डॉलरना. रूगरने त्या नावाने आधी सुरू केल्या त्या लिव्हर-ॲक्शन रायफली. आपल्याच 10/22 ची प्रतिस्पर्धी पुन्हा बाजारात आणायची घाई तिला कशाला असेल? त्यामुळे मॉडेल 60 घेणारा आता बहुधा जुनीच घेतो. स्वतःच्या शेतात मेजावर बसून डबे पाडायचे असतील तर ती आजही चांगली रायफल आहे. फक्त घेण्याआधी आतली पितळी नळी वाकलेली नाही ना, आणि शेवटच्या गोळीनंतर बोल्ट मागे थांबतो ना, एवढे पाहून घ्यावे.