चकवा आणि उजळणारी लाकडे

चकवा म्हणजे वाट भुलवणारे भूत; ते लागलेला माणूस रात्रभर चालतो आणि फिरून त्याच जागी येतो, असे म्हणतात. चंदगड तालुक्याच्या पश्चिमेला, पारगड-तिलारीच्या दाट झाडीत आणि पावसाळी धुक्यात वाट चुकणे अवघड नाही. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन संशोधनात जंगलात चालणाऱ्यांच्या वाटा उपग्रहाच्या साहाय्याने नोंदवल्या गेल्या. सूर्य ढगाआड असताना माणसे नकळत गोल फिरली. ऊन असताना जवळजवळ सरळ गेली. दिशेचा अंदाज घेताना होणाऱ्या बारीकसारीक चुका साचत जातात. दूरची खूण दिसली नाही, तर त्या दुरुस्त होत नाहीत. भुताची गरजच उरत नाही.

रानात रात्री दिसणाऱ्या भुताटकीच्या उजेडाचेही एक कारण बुरशी. पश्चिम घाटात पावसाळ्यात कुजक्या लाकडावर मायसीनासारख्या बुरशी हिरवट उजळतात. ल्युसिफेरिन आणि प्राणवायू यांच्या रासायनिक क्रियेतून हा थंड प्रकाश निघतो. तो मंद असल्याने मिट्ट काळोखातच दिसतो.

घरातले भूत बहुधा झोपेत छातीवर बसते. स्वप्नावस्थेत स्नायू शिथिल असतात. तेवढ्यात जाग आली तर हलता येत नाही आणि अर्धवट स्वप्न उघड्या डोळ्यांसमोर चालू राहते. अपुरी झोप आणि उताणे झोपणे यामुळे हा त्रास वाढतो.