कोयता तोडतो, खोडवा आपला आपण फुटतो

नीरेकाठच्या अकलूजला ऊसतोड समजावून सांगायला नको. कोयता बुडख्याशी बसतो, ऊस आडवा होतो. पुढचा खोडवा मात्र जमिनीत राहिलेल्या डोळ्यांतून फुटतो, त्यात कोयत्याचा हात नसतो. जनुक संपादनातलं कॅस-९ हे विकर असंच डीएनएचे दोन्ही धागे तोडतं आणि थांबतं.

ते नवा गुण ‘लिहितं’, हा म्हणूनच सगळ्यात मोठा गैरसमज. तुटलेली टोकं पेशी घाईनं सांधते. सांधताना एखादं अक्षर गळतं किंवा जादा घुसतं आणि जनुक बंद पडतं. ४ मे २०२५ रोजी जाहीर झालेला ‘कमला’ भात हैदराबादच्या भारतीय तांदूळ संशोधन संस्थेनं सांबा महसुरीतून याच तत्त्वानं काढला. लोंबीत दाणे वाढवणारं संप्रेरक मोडणारं जनुक त्यात निकामी केलंय.

कुठं तोडायचं तेही विकराला आपणहून कळत नाही. वीस अक्षरांची आरएनएची चिठ्ठी सोबत द्यावी लागते. चिठ्ठीशी जवळपास जुळणारी दुसरी जागा भेटली तर तिथंही घाव बसू शकतो. ‘नेम चुकतच नाही’ ही जाहिरात झाली.

आणि हे बीटी कापसासारखं नव्हे. २००२ साली आलेल्या त्या कापसात जिवाणूचं जनुक कायमचं बसलंय. कॅस-९ देखील जिवाणूंचंच, विषाणूंशी लढायचं हत्यार. त्याचं जनुक आधी रोपात घालतात, पण काम झाल्यावर पुढच्या पिढीतली, ते नसलेली रोपं निवडतात. परका डीएनए न उरलेल्या अशा पिकांना केंद्रानं ३० मार्च २०२२ रोजी जीएम पिकांच्या कडक नियमांतून सूट दिली.

‘भाताला जमलं, आता आपला ८६०३२ ऊस’ असं मात्र म्हणू नये. इथंच घोडं पेंड खातं (अकलूजच्या घोडेबाजाराची माफी मागून). भातात जनुकाच्या दोन प्रती, उसात त्याच्या कितीतरी पट, गुणसूत्रंच शंभरावर. फ्लोरिडा विद्यापीठात टॅलेन या दुसऱ्या तोडणाऱ्या विकरानं उसातल्या लिग्निनशी निगडित जनुकाच्या १०९ पैकी १०७ प्रती बदलल्या, म्हणजे अशक्य नाही. पण ऊस कांडीनं लावतात. बेणं म्हणजे मूळ उसाचीच नक्कल, पिढी बदलतच नाही. मग आत घातलेलं कॅस-९चं जनुक गाळायचं कुठं? म्हणून जनुक न घालता तयार विकरच पेशीत सोडून पाहतात, आणि त्या पेशीपासून ऊतीसंवर्धनानं पुन्हा अख्खा ऊस उभा करावा लागतो.