पद मिळालं, आता शिकायचं काय?

(सामुदायिक रेडिओवरील गप्पांमधून)

आम्ही आमच्या बचत गटाच्या अध्यक्ष, सचिव आणि कोषाध्यक्ष. गटात आठ वर्षं आहोत, पण पदावर येऊन एकच वर्ष झालंय. या वर्षात काय चुकलं आणि काय शिकलो, ते आज सांगणार आहोत. तुमच्या गटात पदाधिकारी बदलायचे असतील, तर उपयोगी पडेल.

नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि चोख हिशोब ही पंचसूत्री आम्हांला तोंडपाठ होती. पण सदस्य म्हणून ती पाळणं वेगळं आणि सगळ्यांना बरोबर घेऊन पाळणं वेगळं. हे पहिल्याच महिन्यात कळलं.

कारभार हाती घेताना

जुन्या ताईंनी आम्हांला वह्यांची पेटी दिली, किल्ली दिली, चहा पाजला. झालं! आम्ही पेटी उघडून पाहिलीही नाही. तसं करू नका. कारभार भर बैठकीत हाती घ्या. हातातली रोकड सगळ्यांसमोर मोजा. बँकेचं पासबुक आणि रोकडवही जुळते का, ते बघा. कोणाकडे किती कर्ज बाकी आहे, ते मोठ्यानं वाचा आणि त्या त्या ताईकडून 'हो, बरोबर' असं वदवून घ्या. मग सह्या करा.

बँकेत सह्या बदलायला बैठकीतला ठराव लागतो. त्याची प्रत, नव्या पदाधिकाऱ्यांचे फोटो आणि आधार कार्ड घेऊन बँकेत जा. आणखी काही लागतं का, ते आधीच विचारा, म्हणजे हेलपाटा वाचेल. आणि एक गोष्ट गाठीला बांधा: पैसे काढायच्या कोऱ्या स्लिपवर सही करून ठेवायची नाही. कितीही घाई असो, कितीही विश्वास असो.

व्याजाची चूक

आता आमची मोठी चूक सांगतो. आमच्या गटात कर्जाला महिन्याला शेकडा २ रुपये व्याज आहे, आणि ते राहिलेल्या मुद्दलावर घ्यायचं, असा ठराव आहे. एका ताईनं शेळ्यांसाठी १०,००० रुपये घेतले होते. दर महिन्याला १,००० रुपये मुद्दल आणि वर व्याज. पहिल्या महिन्याचं व्याज २०० रुपये झालं. आम्ही पुढेही दर महिन्याला २०० रुपयेच घेत गेलो.

सहाव्या महिन्यात ताई म्हणाली, "अगं, निम्मे पैसे फेडले की मी. मग व्याज अजून तेवढंच कसं?"

ताईला लिहिता-वाचता येत नाही. पण तिचा हिशोब बरोबर होता, वही लिहिणाऱ्या आम्हीच चुकलो होतो. मुद्दल ९,००० राहिलं की व्याज १८०, ८,००० वर १६०, मग १४०, मग १२०. पाच महिन्यांचं व्याज ८०० रुपये व्हायला हवं होतं. आम्ही १,००० घेतले होते. म्हणजे २०० रुपये जास्तीचे.

त्या रात्री आम्हांला झोप लागली नाही. गुपचूप पैसे परत करावेत, असंही मनात आलं. पण उद्या दुसरीनं विचारलं तर? गटात पैसा येतो तो विश्वासावर. शेवटी पुढच्या बैठकीत आम्ही उभ्या राहून चूक सांगितली, २०० रुपये परत दिले आणि बाकी सगळी कर्जंही तपासली. आणखी दोघींकडून जास्त घेतलं होतं, तेही दिलं. वाटलं होतं, बोलणी खावी लागतील. पण त्या दिवसापासून बायका आपलं पासबुक घेऊन विचारायला येऊ लागल्या. आता दर बैठकीत प्रत्येकीचं शिल्लक मुद्दल आधी वाचतो, मग व्याज सांगतो.

हप्ता थकला तर

एका ताईचे दोन हप्ते थकले. आम्ही नव्या, अंगात जोर. भर बैठकीत तिला बोललो. पुढच्या बैठकीला ती आलीच नाही. हप्ताही नाही, माणूसही नाही!

मग आम्ही दोघी तिच्या घरी गेलो. सासू दवाखान्यात होती, आणि दवाखान्याच्या खर्चात घरातले सगळे पैसे संपले होते. तिनंच सांगितलं, "सोयाबीन विकलं की देते." आम्ही बैठकीत ठराव करून तिला तीन महिन्यांची मुदत दिली. तिनं पैसे फेडले. तेव्हापासून आमचा नियम झाला: हप्ता चुकला की आधी घरी जायचं, मग बैठकीत बोलायचं. मात्र सवलत द्यायची ती गटाच्या ठरावानंच. अध्यक्षांनी एकटीनं दिली, तर उद्या प्रत्येकीला द्यावी लागेल.

मैत्रिणींनो, पद मिळालं म्हणून सगळं येतं असं नाही, आणि येत नाही म्हणून लाजायचंही कारण नाही. विचारणारी ताई आपली वैरीण नसते. आमची चूक तिनंच पकडली. पुढच्या निवडीत पद दुसऱ्या कोणाकडे जाईल. तोवर एकेका मैत्रिणीला वही लिहायला शेजारी बसवायचं, असं आम्ही ठरवलंय. आम्ही पेटी देऊ तेव्हा ती उघडून, मोजून देऊ.

येत्या बैठकीत तुम्हीही आपल्या कर्जाचं पान उघडायला सांगा. नमस्कार.