ग्रहणाची तारीख पुढे ढकलता येत नाही : कुर्ल्याहून जेऊरला दुचाकीवर येणाऱ्यांनी आधी आभाळ बघा, मग रस्ता

कुर्ल्यात एलबीएस रोड, सीएसटी रोडच्या बाजूला गाड्यांच्या कामात आपल्या तालुक्यातली बरीच पोरं आहेत. सुट्टीला गावी आली की त्यांच्याबरोबर हल्ली मुंबईचे मित्रही येतात, आणि डांबरी सोडून माळावर, कच्च्या वाटेनं गाडी घालायची हौस घेऊन येतात. त्यात आता एक तारीख फिरायला लागली आहे. सोमवार, 2 ऑगस्ट 2027. त्या दिवशी सूर्यग्रहण आहे. स्पेन, मोरोक्को, इजिप्तमध्ये खग्रास, लक्सरच्या परिसरात तर सहा मिनिटांहून जास्त काळोख. आपल्याकडे ते खंडग्रास, म्हणजे सूर्याचा एक तुकडा गेलेला दिसेल, अंधार पडणार नाही. वेळ दुपारनंतरची. नेमकी मिनिटं त्या वर्षीच्या पंचांगात मिळतील, आपलं सोलापूरचं दाते पंचांग आहेच.

खंडग्रास बघायला कुर्ल्याहून इतक्या लांब कशाला यायचं? ग्रहण तर कुर्ल्यातूनही आहे. बरोबर, पण ऑगस्टच्या दोन तारखेला कुर्ल्यात आभाळ कसं असतं ते कुर्लेकरांना सांगायला नको. मुरबाड, कर्जत, माळशेज या नेहमीच्या वाटा तर त्याहून ढगात. 22 जुलै 2009 चं खग्रास आठवा. सुरत मुंबईपासून तीनशे किलोमीटरच्या आत, पट्ट्याच्या ऐन मध्ये, लोक रात्रीतून निघून पोचले. पहाटे काळोख झाला तो ढगांच्या आतच. अंतर कापलं, सूर्य काही दिसला नाही.

म्हणून जागा निवडताना वाट किती भारी आहे हे नंतर बघायचं. आधी पाऊस कुठं कमी ते बघायचं. सह्याद्री ओलांडून पूर्वेला आलं की पर्जन्यछायेचा पट्टा लागतो. करमाळा, माढा, सांगोला, माण, जत. ऑगस्टमध्ये इथंही ढग असतात, खोटं कशाला सांगा. पण ते फुटके असतात, मधून ऊन पडतं.

जेऊरचं नाव उगाच घेतलं नाही. 22 जानेवारी 1898 ला खग्रासचा पट्टा कोकणातून घाटावर चढून आपल्या जिल्ह्यावरून गेला. विजयदुर्गला इंग्लंडचे नॉर्मन लॉकियर आले होते, वऱ्हाडात तळणीला दुसरी मंडळी. आणि करमाळा तालुक्यातल्या जेऊरला अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे विल्यम कॅम्पबेल, तसंच पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी नायगमवाला हे दोघंही उतरले होते. मुंबई-पुण्यात प्लेगचे दिवस होते, तरी आले. जानेवारीतलं कोरडं आभाळ, सपाट उघडा मुलूख आणि दाराशी रेल्वे स्टेशन. जड दुर्बिणी उतरवायला आणखी काय पाहिजे? आज दुर्बीण नाही, मोटारसायकल आहे, पण हिशोब तोच.

दिवस कसे लावायचे

ग्रहण सोमवारी आहे, म्हणजे शनिवार-रविवार जोडून मिळतो. पण अमावास्या दीप अमावास्येची आहे. रविवारी रात्री गटारी म्हणून कोण कसा गाडी चालवत असेल याचा नेम नाही. रविवारी संध्याकाळी हायवेवर असायचंच नाही, असं धरून चला.

शनिवारी पहाटे कुर्ला सोडा. एक्स्प्रेसवेवर दुचाकीला बंदी आहे, तेव्हा पनवेल-खोपोलीमार्गे जुना रस्ता, पुढे पुण्याहून सोलापूर रोडनं टेंभुर्णी, तिथून करमाळ्याकडे वळून जेऊर. साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास होतं. पावसात घाट धरून हा पूर्ण दिवसाचा प्रवास आहे. त्या दिवशी कच्च्या वाटेचं नावच काढू नका.

वाटा फिरायच्या त्या रविवारी. दुपारनंतर ज्या वेळेला दुसऱ्या दिवशी ग्रहण असणार त्याच वेळेला ठरवलेल्या जागेवर थांबून सूर्य कुठं आहे ते बघून घ्या. तेव्हा तो पश्चिमेला कललेला असणार. त्या बाजूला ऊस, लिंबाची झाडं, विजेचे खांब येत असतील तर जागा तेव्हाच बदला.

सोमवारी सकाळी गाडी बंद. ही गोष्ट पोरांना पटत नाही, पण तीच महत्त्वाची. पंक्चर, तुटलेली क्लच केबल, मुरगळलेला पाय, हे सगळं रविवारी झालं तर चालतं, सोमवारी दुपारी नाही. दुपारी बाराच्या सुमाराला हवामान खात्याची उपग्रहाची चित्रं बघायची आणि ढग कुठल्या बाजूला फाटतायत त्याप्रमाणे, पाहिजे तर, पन्नास-साठ किलोमीटर डांबरी रस्त्यानं सरकायचं. दुचाकीचा खरा फायदा इथं आहे. 26 डिसेंबर 2019 ला कंकणाकृती ग्रहण केरळातून गेलं तेव्हा कासरगोड जिल्ह्यात चेरुवथूरला कडं स्वच्छ दिसलं, आणि तिकडं वायनाडच्या डोंगरात कल्पेट्टाला जमलेली माणसं ढगाकडे बघत बसली. एकाच सकाळची गोष्ट आहे ही.

आणि ग्रहण सुटल्यावर लगेच कुर्ल्याकडे सुटू नका. मंगळवारची रजा टाका.

वाटा कुठल्या, आणि कुठल्या नाहीत

उजनीच्या काठानं हिवाळ्यात-उन्हाळ्यात कोणी फिरलं असेल, तर ती वाट ऑगस्टमध्ये तिथंच असेल असं समजू नका. भीमेच्या वरच्या धरणांतून पाणी सुटलं की उजनी चढते आणि गाळपेराची जमीन पाण्याखाली जाते. काठाचा गाळ वरून वाळल्यासारखा दिसतो, पण चाक आत जातं ते इंजिनापर्यंत. काळ्या रानाचंही तसंच. एक सर आली की माती चाक आणि मडगार्डच्या मध्ये बसते, गाडी जागची हलत नाही. मुरमाची वाट धरा, आणि गावातल्या माणसाला विचारून धरा.

माळ मोकळा दिसला म्हणजे तो कुणाचा नाही असं नसतं. आपल्या जिल्ह्यातली बरीच माळरानं वन खात्याची आहेत, त्यातली काही माळढोक अभयारण्यात येतात. पावसाळ्यात जमिनीवर घरटी करणारी पाखरं याच गवतात असतात. तिथं गाडी घालणं गुन्हा आहे, आणि गुन्हा नसता तरी घालू नये. बांधाचंही सांगायला हवं. ओल्या बांधावरून पाच गाड्या गेल्या की बांध फुटतो, पुढच्या पावसात माती वाहून जाते, आणि भांडणं मागं राहतात ती दोन भावकीत. पाहुणे तर मंगळवारी कुर्ल्यात असतात.

गावात ग्रहणाचे वेध पाळणारी घरं आहेत. त्या दुपारी खानावळ, चहाची टपरी बंद मिळेल, ज्याच्याकडे उतरलात त्या घरात चूल पेटणार नाही. वाद घालत बसू नका, डबा आणि पाणी आधीच बांधून घ्या.

डोळ्यांचं

खंडग्रासमध्ये असा एक क्षणही नसतो की उघड्या डोळ्यांनी बघितलं तरी चालेल. हेल्मेटची काळी काच, गॉगल, एक्स-रेची फिल्म, काहीही चालत नाही. कुर्ल्याच्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंगची काच सहज मिळते म्हणून ती खिशात टाकून येणारे बरेच असतील. नेहमीच्या वेल्डिंगची काच दहा-अकरा नंबरची असते. सूर्यासाठी चौदा नंबरच लागते. त्यापेक्षा आयएसओ 12312-2 लिहिलेले ग्रहणाचे चष्मे घ्या, विश्वासाच्या विज्ञान संस्थेकडून, आणि चार जास्तीचे आणा. शाळेतली पोरं भोवती जमणारच. चष्मे पुरले नाहीत तर त्यांना लिंबाच्या झाडाखाली न्या. पानांच्या फटीतून पडणारा उन्हाचा प्रत्येक कवडसा त्या वेळी तुटक्या भाकरीसारखा दिसतो.

ग्रहण चालू असताना चालत्या गाडीवरून वर बघायचं नाही. सुरू व्हायच्या अर्धा तास आधी रस्ता सोडून गाडी लावा.

2034 चं लडाख

हे जमलं की मंडळी पुढचं बोलतील. भारतातून खग्रास दिसणार ते 20 मार्च 2034 ला, लडाखच्या भागातून. तोही सोमवारच. बुलेटवर लडाख म्हणलं की डोळे चमकतात, पण ते जून-जुलैचं लडाख. मार्चमध्ये मनाली-लेह रस्ता बर्फाखाली असतो. श्रीनगरकडून झोजिला खिंड 2023 मध्ये 16 मार्चला उघडली, तर 2025 मध्ये 1 एप्रिलला. म्हणजे ग्रहणाच्या दिवशी खिंड उघडी असेलच असं नाही. बोगद्याचं काम चालू आहे, तो तोवर वाहतुकीला मिळाला तर गोष्ट वेगळी. ग्रहणही दिवस कलल्यावरचं आहे, सूर्य पश्चिमेला खाली उतरलेला. अरुंद दरीत उभं राहिलात तर खग्रासच्या आधीच तो डोंगराआड जाईल. पश्चिमेला उघडी असलेली जागा हवी, आणि ती शोधायला आधी दोन-तीन दिवस तिथं पाहिजेत, विरळ हवेची सवय व्हायलाही तेवढे लागतातच. बाहेरचं प्रीपेड सिम तिकडं चालत नाही, पोस्टपेड लागतं, एवढं मात्र आत्ताच लिहून ठेवा.