न दिसणाऱ्या नसेची हद्द

तोंडाच्या कर्करोगाला रेडिएशनचा शेक देण्याआधी डॉक्टर रुग्णाच्या सीटी स्कॅनवर रेघा आखतात. गाठ एका रंगाने, मज्जारज्जू दुसऱ्या, लाळग्रंथी तिसऱ्या, असे कापामागून काप. या कॉन्टुरिंगला डोके-मानेच्या एका रुग्णामागे तास-दोन तास सहज जातात. संगणक तेच काही मिनिटांत करतो, ही बातमी आता जुनी झाली. मे २०२५ मध्ये व्हिएन्नाच्या परिषदेत संगणकाकडून रेघा आखून घेणाऱ्या ‘आर्चरी’ चाचणीचे पहिले निष्कर्ष आले, त्या चाचणीत भारतही असल्याने चर्चेला पुन्हा जोर आला. नसांच्या बाबतीत मात्र हा उत्साह जरा आवरलेला बरा.

जबड्याचे हाड स्कॅनवर लखलखीत दिसते. हाताकडे जाणारे नसांचे जाळे, म्हणजे ब्रेकियल प्लेक्सस, तसे दिसत नाही. मानेच्या पाचव्या मज्जातंतूपासून छातीच्या पहिल्यापर्यंतची मुळे मणक्यांलगतच्या छिद्रांतून निघतात, स्केलीन नावाच्या दोन स्नायूंमधल्या फटीतून उतरतात आणि गळपट्टीच्या हाडामागून धमनीला लागून काखेत जातात. सीटीवर त्यांचा करडा रंग शेजारच्या स्नायूइतकाच असतो. त्यामुळे डॉक्टर आधी छिद्रे शोधतात, मग फट, मग धमनी, आणि त्या खुणांच्या आधारे नस जिथे असायला हवी तिथे रेघ ओढतात. २००८ साली अमेरिकेत याची रीतसर पद्धत बांधली गेली. एमआरआय जोडला तर नस बरीच स्पष्ट होते, पण प्रत्येक रुग्णाला तो परवडत नाही.

रेघ चुकली तर काय होते? मज्जारज्जूला साधारण ४५ ग्रे (रेडिएशनच्या मात्रेचे एकक), दृष्टीच्या नसेला ५५ आणि या जाळ्याला ६० ते ६६ ग्रे ही सर्वसाधारण मर्यादा मानतात, तर मोठ्या गाठीला ७० ग्रे द्यावे लागतात. मर्यादा फार ओलांडली तर काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी हाताला मुंग्या येतात, मग पकड जाते, आणि ती सहसा परत येत नाही. चांदूर बाजारच्या बागेत संत्री तोडणाऱ्या किंवा कापूस वेचणाऱ्या माणसाची कमाईच त्या हातावर असते. उलट नस गरजेपेक्षा जाड आखली तर तिला वाचवताना शेजारच्या गाठीचा डोस कापला जातो आणि रोग उलटू शकतो.

पूर्वी संगणक तयार नकाशा ताणून नव्या मानेवर बसवत असे. २०१५ साली जर्मनीतल्या फ्रायबर्गमध्ये यू-नेट ही न्यूरल नेटवर्कची रचना आली आणि यंत्र डॉक्टरांनी आखलेल्या रेघांवरूनच शिकू लागले. इथेच खरी मेख आहे. डॉक्टरांचेच जिथे एकमत नाही, तिथे यंत्र त्यांच्या मतभेदाची सरासरी शिकते आणि ती ठाम रेघ म्हणून दाखवते.

यंत्राला दिले जाणारे गुणही नसांच्या बाबतीत फसवे ठरतात. यंत्राची आणि डॉक्टरची आकृती किती जुळते, ते डाइस गुणांक शून्य ते एकमध्ये सांगतो. ४० मिलिमीटर रुंद पट्टी एक मिलिमीटर सरकली तर गुण ०.९७च्या आसपास राहतात; ४ मिलिमीटरची नस तेवढीच सरकली तर ०.७५ वर येतात. चूक दोन्हीकडे सारखीच. म्हणून गुणांपेक्षा त्या चुकीने नसेच्या डोसमध्ये किती फरक पडला, हे पाहणे महत्त्वाचे.

वऱ्हाडात प्रश्न आणखी अवघड होतो. खर्रा खाऊन झालेल्या तोंडाच्या कर्करोगात बहुधा आधी शस्त्रक्रिया होते. मानेतल्या गाठी काढलेल्या असतात, कधी छातीचा स्नायू वळवून गालाच्या जागी बसवलेला असतो, आणि नस शोधण्याच्या खुणांभोवतीचा सगळा भूगोल बदललेला असतो. यंत्र धडधाकट मानांवर शिकलेले असेल तर अशा मानेवर ते अडखळते. अशी माणसे अमरावतीत, नाहीतर नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी यांच्या नावाच्या कर्करोग रुग्णालयात जातात. विदर्भातल्या अशा शस्त्रक्रिया झालेल्या मानांचे स्कॅन शिकवणीत घेतल्याशिवाय इथल्या रुग्णासाठी यंत्रावर भिस्त ठेवता येणार नाही.

तोवर यंत्राची रेघ कच्चा मसुदा मानावी. तपासणाऱ्याने छिद्रापासून काखेपर्यंत एकेक काप पाहावा, गळपट्टीच्या हाडामागच्या कापांवर जास्त थांबावे, आणि गाठ नसेपासून सेंटिमीटरभराच्या आत असेल तर रेघ स्वतः नव्याने आखावी.