सदनिका आपली, इमारत कोणाची?

हिंगोली, वसमत किंवा कळमनुरी येथील जुन्या जैन कुटुंबांच्या निवासाचा गेल्या दोन पिढ्यांतील प्रवास पाहिला, तर त्याचे तीन टप्पे स्पष्ट दिसतात. आजोबांनी बाजारपेठेलगतच्या वाड्यात आयुष्य काढले. खाली दुकान, वर घर, मागे आड आणि चार पावलांवर मंदिर. वडिलांनी गावाबाहेरच्या ले-आउटमध्ये प्लॉट घेऊन स्वतंत्र घर बांधले. आता मुले पुणे-हैदराबादला स्थिरावली आहेत, जिने चढवत नाहीत, रात्री एवढ्या मोठ्या घरात दोघांनाच राहण्याची धास्ती वाटते. म्हणून तिसरी पिढी आईवडिलांसाठी सदनिका शोधू लागली आहे.

या तिसऱ्या टप्प्यावर एक मूलभूत फरक पडतो आणि तो बहुधा खरेदीखतावर सही झाल्यानंतर उमगतो. वाड्यात छत गळले तर निर्णय कर्त्या पुरुषाचा असे. प्लॉटवरील घरात तो मालकाचा असे. सदनिकेत मालकाचा हक्क चालतो तो चार भिंतींच्या आत. छत, खांब, जिना, पाण्याची टाकी, सांडपाण्याची नळी आणि पायाखालची जमीन हे सारे सामाईक असते. या सामाईक मालमत्तेची व्यवस्था पाहणारी संस्था म्हणजे सहकारी गृहनिर्माण संस्था, बोलीभाषेतील ‘सोसायटी’. ती असावी की नसावी, तिच्यात राहणे सुखाचे की कटकटीचे, हा प्रश्न आता केवळ मुंबई-पुण्याचा राहिलेला नाही.

मुंबईत ही कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. गावदेवी भागात १९१५ मध्ये श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. या प्रकारची ती देशातील पहिली संस्था मानली जाते. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या मध्यमवर्गीयांनी एकत्र येऊन स्वतःचे घर उभारावे, हा तिचा हेतू होता. पुढे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० आला आणि २०१९ मध्ये त्यात गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले. मराठवाड्यातील जिल्ह्याच्या गावी मात्र ‘गृहनिर्माण संस्था’ या शब्दाला वेगळाच अर्थ चिकटला. शिक्षकांनी किंवा कर्मचाऱ्यांनी संस्था काढायची, जमीन घ्यायची, प्लॉट पाडून वाटायचे आणि वाटप झाले की संस्था निद्रिस्त व्हायची. त्यामुळे सभा, लेखापरीक्षण, निधी यांची सवय येथे रुजलीच नाही.

आज हिंगोलीसारख्या ठिकाणी जी परिस्थिती सर्वाधिक आढळते, ती संस्थेची नाही आणि संस्थेच्या पूर्ण अभावाचीही नाही. ती अर्धवट संस्थेची आहे. लहान भूखंडावर खाली दुकाने व वर सहा-आठ सदनिका अशी इमारत उभी राहते. स्थावर संपदा कायदा, म्हणजे ‘रेरा’, २०१६ चा. ज्या प्रकल्पाचा भूखंड ५०० चौरस मीटरपेक्षा अधिक नाही किंवा ज्यात आठपेक्षा अधिक सदनिका नाहीत, त्यास या कायद्यान्वये नोंदणीची सक्ती नाही. लहान गावातील कितीतरी इमारती या सवलतीत बसतात. १९६३ चा ‘मोफा’ कायदा अशा इमारतींनाही लागू असतो आणि संस्था स्थापन करून देण्याचे, तसेच जमिनीचे अभिहस्तांतरण करून देण्याचे कर्तव्य विकासकावर असतेच. परंतु विचारणार कोण? रहिवासी आपसात कोणाला तरी ‘अध्यक्ष’ म्हणू लागतात, दरमहा पाचशे-सातशे रुपये गोळा होतात आणि ते त्याच गृहस्थाच्या वैयक्तिक बचत खात्यात जमा होतात.

हिशेबाच्या दृष्टीने याहून धोकादायक व्यवस्था नाही. तो गृहस्थ कितीही सचोटीचा असला, तरी कायद्याच्या दृष्टीने ती रक्कम त्याची असते. तो निवर्तला तर ती त्याच्या वारसांकडे जाते. त्याच्यावर कर्जवसुलीचा हुकूमनामा झाला तर तिच्यावर जप्ती येऊ शकते. शिवाय अशा समितीला थकबाकीदाराविरुद्ध कोणताही अधिकार नाही. नोंदणीकृत संस्थेला मात्र निबंधकांकडून वसुली दाखला मिळतो आणि थकबाकी जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करता येते.

त्याहून गंभीर बाब जमिनीची. सात-बारावर किंवा मालमत्ता पत्रकावर वीस वर्षांनंतरही मूळ मालकाचे वा विकासकाचे नाव असते. इमारत जीर्ण होऊन पाडण्याची वेळ आली की सदनिकाधारकाच्या हाती काय उरते? अपार्टमेंट कायदा, १९७० यानुसार घोषणापत्र केलेल्या इमारतीत जमिनीचा अविभक्त हिस्सा प्रत्येकाच्या दस्तातच येतो. तो एक पर्याय आहे. अन्यथा संस्था नोंदवून जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणासाठी अर्ज करता येतो. विकासक सहकार्य करीत नसला, किंबहुना हयात नसला, तरी हा मार्ग खुला आहे. अर्जदार मात्र संस्थाच लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर संस्था नोंदणीसाठी किमान पाच व्यक्ती, किंवा एकूण सदनिकांच्या ५१ टक्के, यांपैकी जी संख्या अधिक असेल ती पुरते. तेव्हा ‘आमची इमारत लहान आहे’ ही सबब उरलेली नाही.

हिंगोली जिल्ह्याला आणखी एक कारण आहे आणि ते येथील मातीचेच आहे. वसमत, औंढा नागनाथ व कळमनुरी तालुक्यांतील अनेक गावांना जमिनीतून येणारे गूढ आवाज आणि सौम्य धक्के अनेक वर्षांपासून परिचित आहेत. २१ मार्च २०२४ रोजी आणि पुन्हा १० जुलै २०२४ रोजी सकाळी ४.५ रिश्टर तीव्रतेचे धक्के जाणवले. भिंतीवर भेग दिसली तर घरमालक गवंडी बोलावतो. खालच्या दुकानातील खांबाला भेग दिसली तर कोणी बोलवावे? दुकानदार म्हणतो, खांब इमारतीचा. वरचा रहिवासी म्हणतो, खांब दुकानात. अशा वेळी अभियंत्याला रीतसर पत्र देणारी, त्याचा अहवाल जतन करणारी व खर्च सर्वांवर विभागणारी एक कायदेशीर व्यक्ती लागते. १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीचे दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचे दर तीन वर्षांनी संरचनात्मक परीक्षण करावे, असे आदर्श उपविधी सांगतात. १९९३ चा किल्लारीचा अनुभव ज्या मराठवाड्याने घेतला, तेथे हे कलम कागदावरच राहू देणे परवडणारे नाही.

आता खर्चाची बाजू, कारण तक्रारींचा उगम तेथेच असतो. आदर्श उपविधींनुसार सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या किमान ०.२५ टक्के रक्कम दरवर्षी सिंकिंग फंडात, म्हणजे निक्षेप निधीत, आणि किमान ०.७५ टक्के रक्कम दुरुस्ती निधीत जमा करावयाची असते. जमिनीची किंमत वगळून बांधकाम खर्च १५ लाख रुपये धरला तर हे अनुक्रमे ३,७५० आणि ११,२५० रुपये, एकूण वर्षाला १५,००० रुपये, म्हणजे महिन्याला १,२५० रुपये होतात. झाडलोट, वीज, पाणी, लिफ्ट यांचा खर्च वेगळा. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या दांपत्याला हा आकडा जड वाटणे साहजिक आहे. तथापि स्वतंत्र घरातही रंगकाम, गळती आणि मोटार यांवर एवढाच खर्च होतो. तेथे तो दहा वर्षांतून एकदा एकरकमी येतो, म्हणून लक्षात राहत नाही इतकेच.

लिफ्टवरून होणारा वाद तर सार्वत्रिक आहे. तळमजल्यावरचे म्हणतात, आम्ही लिफ्ट वापरतच नाही. उपविधी मात्र हा खर्च इमारतीतील सर्व सदस्यांवर समान टाकतात, वापर असो वा नसो. पाण्याचा खर्च नळजोडांच्या संख्येप्रमाणे, सेवाशुल्क सर्वांना सारखे. ही विभागणी प्रत्येकाला न्याय्य वाटेलच असे नाही. पण ती लेखी आहे आणि दरमहा नव्याने भांडावे लागत नाही, हा तिचा मोठा गुण.

संस्थेचे तोटेही लपविण्यासारखे नाहीत. नावाला लोकशाही असली तरी अनेक ठिकाणी तीनच माणसे कारभार करतात आणि उरलेले केवळ टीका करतात. सचिवपद कोणालाच नको असते. नको असलेले पद ज्याच्या गळ्यात पडते, तो कंटाळून दप्तर अपुरे ठेवतो. आणि ज्याला ते हवेसे वाटते, तो बहुधा शेजाऱ्याच्या गॅलरीतील कुंड्या मोजतो. स्वतःच्या घराला जाळी बसवायची तर अर्ज, भाडेकरू ठेवायचा तर कळवायचे, सदनिका विकताना बँकेसाठी ‘ना हरकत’ मागायची. आयुष्यभर स्वतःच्या पेढीवर कोणालाही न विचारता निर्णय घेतलेल्या व्यापाऱ्याला हे टोचते. त्यात थकबाकीवर उपविधींनुसार द.सा.द.शे. २१ टक्क्यांपर्यंत व्याज आकारता येते. हा दर सावकारी वाटावा असाच आहे. सर्वसाधारण सभा तो कमी ठरवू शकते, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

या जाचालाही कायद्याने मर्यादा घातल्या आहेत आणि त्या प्रत्येक सदस्याने जाणून घ्याव्यात. सदनिका भाड्याने दिल्यास बिनवापर शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक घेता येत नाही. आईवडील किंवा मुले राहत असतील तर तेही नाही. हस्तांतरणाच्या अधिमूल्यावर २००१ च्या शासन परिपत्रकाने कमाल मर्यादा घातली: महानगरपालिका क्षेत्रात २५,००० रुपये, नगरपालिकांत वर्गानुसार २०,०००, १५,००० व १०,००० आणि ग्रामपंचायत क्षेत्रात ५,००० रुपये. ‘इमारत निधीला देणगी’ या नावाने त्याहून अधिक मागणे गैर आहे. ही देणगी मागणारे आणि देणारे दोघेही आपल्याच ओळखीतले असतात, म्हणून कोणी बोलत नाही.

नामनिर्देशनाकडेही दुर्लक्ष होते. ते भरलेले नसेल तर पतीच्या निधनानंतर भागपत्र नावावर करून घेण्यासाठी विधवेला वर्षानुवर्षे फेऱ्या माराव्या लागतात. नामनिर्देशित व्यक्ती अंतिम मालक नव्हे, वारसांच्या वतीने विश्वस्त, हेही घरात सर्वांना आधीच सांगितलेले बरे.

आपल्या समाजात यापुढचा प्रश्न हमखास येतो: केवळ जैनांची सोसायटी का काढू नये? शेजारी शाकाहारी असावा, मंदिर जवळ असावे ही इच्छा स्वाभाविक आहे. साधर्मिक वात्सल्याची ती एक बाजू आहे. अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सदस्यत्व एका समाजापुरते मर्यादित ठेवणारा उपविधी वैध ठरविला, हेही खरे. परंतु तो गुजरातच्या कायद्याखालचा आणि मुळापासून तसा उपविधी असलेल्या संस्थेचा निर्णय होता. महाराष्ट्रात पात्र व्यक्तीला पुरेशा कारणाशिवाय सदस्यत्व नाकारू नये, असे सहकार कायद्याचे कलम २३ सांगते. सर्वसाधारण इमारतीत स्वयंपाकघराकडे बोट दाखवून सदस्यत्व नाकारण्याचा प्रयत्न टिकणे कठीण.

कायद्यापेक्षाही व्यवहार अधिक बोलका आहे. हिंगोलीत जैन घरे ती किती? मूठभर खरेदीदारांपुरत्या मर्यादित सदनिकेला विकताना भाव मिळत नाही, कर्ज देणारी बँक मूल्यांकन करताना हेच पाहते, आणि मुले परगावी गेल्यावर ती सदनिका कुलूपबंद राहते. दुसरे असे की ज्या मराठा, ब्राह्मण, मुस्लिम, बौद्ध ग्राहकांच्या जोरावर पिढ्यानपिढ्या दुकान चालले, त्यांनाच घराच्या दारात परके ठरविणे शोभतही नाही. हवे असते ते वेगळेच: जिन्यात स्वच्छता, सामाईक गच्चीवर मांसाहारी पार्ट्या नकोत, रात्री शांतता. सामाईक जागेच्या वापराचे नियम सर्वसाधारण सभा करू शकते आणि बहुतेक अजैन शेजाऱ्यांचीही त्याला हरकत नसते. बंद दाराआड कोण काय शिजवतो, हा विषय सभेचा नव्हे.

जैन कुटुंबाने सदनिका घेताना खरे तर वेगळ्याच गोष्टी तपासाव्यात. साधु-साध्वी लिफ्ट वापरत नाहीत. चौथ्या मजल्यावर गोचरीचा लाभ मिळण्याची शक्यता जिन्याच्या पायऱ्यांनी ठरते. तो अरुंद, अंधारा किंवा सामानाने भरलेला असेल तर दोष शेजाऱ्याचा नव्हे, संस्थेच्या शिथिल कारभाराचा. शिरड शहापूरच्या क्षेत्री दिगंबर मुनींचे आगमन झाले की परिसरातील श्रावकांची चौका लावण्याची इच्छा असते. पडगाहनासाठी दारापुढे चार पावले मोकळी जागा हवी आणि अनेक संघांत आहारासाठी विहिरीच्याच पाण्याचा आग्रह असतो. पाणी गाळून जिवाणी ज्या विहिरीची त्याच विहिरीत सोडायची, तर गच्चीवरच्या टाकीपाशी तो विधी कसा घडावा?

ले-आउट होण्यापूर्वीच्या शेतातील एखादी विहीर पुष्कळ आवारांत अजूनही असते. विकासकाला ती बुजवायची असते, कारण तेथे दोन गाड्या उभ्या राहतात. ती जाळी टाकून, गाळ काढून राखायची असेल, तर तसा ठराव सर्वसाधारण सभेत व्हावा लागतो. उन्हाळ्यात नळाचे पाणी लांबले की या ठरावाला सर्वच सदस्यांचा पाठिंबा मिळतो. त्यासाठी धर्माचे कारण सांगावेच लागत नाही.

मात्र सभेला हजर राहावे लागते. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपूर्वी घेणे बंधनकारक असल्याने बहुतेक संस्था ती अगदी शेवटच्या दिवसांत घेतात आणि नेमके त्याच सुमारास, भाद्रपदात, श्वेतांबरांचे पर्युषण व त्यापाठोपाठ दिगंबरांचे दशलक्षण पर्व येते. उपवास, प्रवचन आणि प्रतिक्रमणात गुंतलेले सदस्य सभेला जात नाहीत. मग वर्षभर ठरावांविषयी कुरकुर करतात. सभेची सूचना चौदा पूर्ण दिवस आधी द्यावी लागते. हिशेबाचे वर्ष मार्चअखेर संपते आणि लहान संस्थेचे लेखापरीक्षण जूनपर्यंत सहज होऊ शकते. तेव्हा सभा जुलैमध्ये घ्यावी, अशी लेखी विनंती जैन सदस्यांनी सचिवांना एप्रिलमध्येच द्यावी.