शिकलेला कोण, अडाणी कोण?

गावात चार माणसांना त्यांचे शिक्षण विचारून पाहा. उत्तरापेक्षा उत्तर देण्याची तऱ्हाच ऐकण्यासारखी असते. म्हातारे आजोबा मान ताठ करून सांगतील, 'मी जुनी फायनल पास आहे.' त्यांचा नातू खाली बघत म्हणेल, 'बी.ए.च्या दुसऱ्या वर्षापर्यंत होतो.' तिसरा म्हणेल, 'दहावी नापास.' आणि एखाद्या बाईला विचाराल, तर ती पदर सावरून म्हणेल, 'आमचं कसलं शिक्षण? आम्ही अडाणी.'

आता गंमत बघा. सात यत्ता शिकलेल्याची मान ताठ आणि चौदा वर्षे शाळा-कॉलेजात काढलेल्याची खाली! याचे कारण असे, की शिक्षणाची किंमत माणूस यत्तांवर मोजत नाही. त्या शिक्षणाने कोणते दार उघडले, यावर मोजतो. व्हर्नाक्युलर फायनल झालेल्याला त्या काळी प्राथमिक शाळेत मास्तरकी मिळत असे. 1951 च्या जनगणनेत देशात शंभरांपैकी अवघी अठरा माणसे साक्षर होती. सबंध गावात पत्र वाचणारा एकच असेल, तर सातवी म्हणजे पंडिती! 2011 च्या जनगणनेत हेच प्रमाण शंभरात सुमारे त्र्याहत्तर झाले. शिकलेले वाढले तशी एकेका दाखल्याची किंमत उतरली. आजोबांच्या सातवीने जे दार उघडले, तिथे आज नातवाची पदवीही अपुरी पडते. नातू खाली बघतो तो आळशी आहे म्हणून नव्हे, हे घरातल्यांनी जरा समजून घ्यावे.

आणि ते 'दहावी नापास'! ज्याने नऊ यत्ता ओलांडल्या, दहावीतही बहुतेक विषय सोडवले, तो एका गणिताने किंवा इंग्रजीने अडला, की जन्मभर 'नापास' हीच त्याची पदवी होते. नववी पास म्हणायला काय हरकत आहे? पण आपण तसे म्हणत नाही. जनगणनेचा हिशेब याहून उदार आहे बरं का. सात वर्षांवरचे जे माणूस कोणत्याही एका भाषेत समजून वाचू-लिहू शकते, ते साक्षर. मग ते शाळेची पायरी चढलेले असो वा नसो.

शाळेविषयी माणसाच्या मनात जे असते, ते त्याच्या एकट्याचे नसते. त्यामागे दोनतीन पिढ्यांचे अनुभव असतात. 1882 साली हंटर आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी लेखी निवेदन दिले. सरकारचा महसूल येतो कष्टकरी रयतेकडून, आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या कामी येतो, हे त्यांनी साफ मांडले. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, अशी त्यांची मागणी होती. ती कोल्हापूर संस्थानात 1917 साली शाहू महाराजांनी कायदा करून प्रत्यक्षात आणली. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड! त्या वेळचा रुपया म्हणजे थोडा नव्हे. परंतु दंड का ठेवावा लागला? आईबापांना शिक्षणाचे वावडे होते म्हणून नव्हे. मूल म्हणजे घरातले दोन हात. गुरे कोणी वळायची, तान्हे कोणी सांभाळायचे, हा रोकडा प्रश्न होता.

काहींना तर शाळेनेच उंबऱ्याबाहेर ठेवले. वाटेगावचे अण्णा भाऊ साठे जेमतेम दीड दिवस शाळेत गेले असे सांगतात. जातीपायी मिळालेली वागणूक त्यांना तिथे टिकू देईना. अक्षरे ते पुढे शाळेबाहेर शिकले आणि 1959 साली त्यांची 'फकिरा' ही कादंबरी आली. तिकडे जळगावकडे बहिणाबाई चौधरी. त्यांना अक्षरओळखही नव्हती. शेतात, जात्यावर त्या गाणी रचीत. मुलाने, सोपानदेवांनी, ती लिहून ठेवली. 1952 साली, त्यांच्या निधनानंतर, ती पुस्तकरूपाने आली. आज पदवीधर त्यांचा अभ्यास करतात.

ही नावे घेतली, की पारावरचा एखादा शहाणा लगेच म्हणतो, 'बघा! शाळेवाचून काही अडत नाही. मग पोरीला सातवीनंतर कशाला पाठवायची?' मला हा युक्तिवाद मुळीच पसंत नाही. बहिणाबाईंची गाणी कुणी लिहून घेतली नसती, तर ती हवेत विरली असती. लिहिणारा घरात होता म्हणून ती उरली. स्वतः शाळा न लाभलेल्या माणसांनीच शाळेचा सर्वांत जास्त आग्रह धरला आहे. गाडगे महाराज निरक्षर. पण जेवायचे ताट मोडा, हातावर भाकरी घ्या, परंतु पोरांना शिकवा, असे ते कीर्तनातून सांगत फिरले. कर्मवीर भाऊराव पाटील मॅट्रिकही नव्हते. त्यांनी 1919 साली कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. फी नाही तर अंगमेहनत करून शीक, ही वाट गरिबाच्या पोराला दाखवली. 1959 साली पुणे विद्यापीठाने त्यांना सन्मानाने डॉक्टर केले!

अक्षर नसल्याची किंमत कुठे मोजावी लागते, ते ऊसतोड कामगाराला विचारा. मुकादमाकडून उचल घेतली, कागदावर अंगठा उठवला. किती फिटले, किती राहिले, हे वहीत दुसऱ्याच्या हातचे. नवरा-बायकोचा एक कोयता सहा महिने कारखान्याच्या रानात. मागे पोर ठेवायला कोणी नसले, की पोरही टोळीबरोबर. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे. पण हंगामात गाव सोडलेल्या पोराच्या नावापुढे हजेरीपटावर गैरहजेरीच पडते. अशा मुलांसाठी गावातच हंगामी वसतिगृह चालवण्याची सोय असते. दिवाळीच्या आधीच, टोळ्या निघण्यापूर्वी, गुरुजींनी आणि सरपंचांनी त्याची चौकशी करावी. टोळी गेल्यावर धावाधाव करून उपयोग नाही.

आता शिक्षक बंधुभगिनींशी दोन शब्द. 'पालक सभेला येतच नाहीत, त्यांना मुलांची पर्वाच नाही,' ही तक्रार आपण नेहमी करतो. त्यांच्या बाजूने पाहा. ज्या बाईला सही येत नाही, तिला प्रगतिपुस्तकावर सगळ्यांदेखत अंगठा उठवायचा असतो. तिच्या मुलीला ते पाहायचे असते. मग मुलगी घरीच आईच्या नावाची सही ठोकून आणते, आणि आई सभा चुकवते. पर्वा आहे म्हणूनच चुकवते! अंगठा घ्यायचा तर बाजूला, निवांत घ्यावा. सभा दिवेलागणीनंतर, लोक रानातून आल्यावर ठेवावी. आणि सभेत मुलाचे गुण वाचण्याआधी आईबापांनाच काही विचारावे. कोणत्या नक्षत्राच्या पावसावर काय पेरता, एका पायलीत शेर किती, गाय आजारी पडली हे कशावरून ओळखता. वर्गातल्या मुलांसमोर त्यांना ते सांगू द्यावे. ज्या मुलाने आपल्या बापाला गुरुजींना काही समजावून देताना पाहिले, त्याला घर आणि शाळा यांत एकाची निवड करावी लागत नाही.

अवघड वाटते? याहून अवघड काम झालेले आहे. 1959 साली सातारा जिल्ह्यात ग्राम शिक्षण मोहीम निघाली. शेतीचे काम आटोपून प्रौढ बायाबापड्या रात्री पाटीपेन्सिल घेऊन बसल्या. शिकवणारे बहुधा गावचेच गुरुजी. पुढे ही मोहीम राज्यभर नेण्यात आली.

आणि ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी ठाणे जिल्ह्यात, आता तो भाग पालघर जिल्ह्यात आहे, कोसबाडच्या टेकडीवर काय केले? आदिवासी मुले शाळेत येईनात, कारण सकाळी गुरे घेऊन ती रानात जात. तेव्हा या बाईंनी मुलांना बोलावणे सोडले आणि शाळाच कुरणात नेली. तिचे नावही कुरणशाळा. गुरे चरत होती आणि बाजूला मुले पाने, बिया, खडे मोजत अंक शिकत होती.